गंगा दहा दिवसांवर

क्वीन्सटाउन, सिंगापूर
रविवार, ८ जून २०२५

चि. यशोधन,
जय भीम.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला दोन वर्षं झाली. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद. पुण्याचा पत्ता मम्मीकडून घेतला. देताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिची किडनीच मागितली.

तिनेच सांगितलं की इथल्या तांजोंग पगारच्या कंपनीने तुला घेतलं आणि वर्क पासचा, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्याचा, अर्ज पुन्हा नामंजूर झाला. एकतीस ऑगस्टपर्यंत अपील करता येतं म्हणे. कंपनीतली एचआरची बाई म्हणते, वडिलांचं एक पत्र जोडलं तर थोडीफार आशा आहे. सोळाव्या वर्षी पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास, सोडायचा निर्णय वडिलांचा होता, मुलाला इथेच राहून एनएस, म्हणजे दोन वर्षांची सक्तीची फौजी सेवा, करायचं होतं, एवढंच त्यात हवं. एनएस टाळून गेलेल्यांना इथे सहसा परत घेत नाहीत, म्हणून. एक पान. तू ते माझ्याकडे मागितलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी मागितलं होतंस, तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. या वेळी मम्मीने मागितलं.

"पंपांवर चाळीस-चाळीस पानांचे रिपोर्ट लिहिता की तुम्ही," ती म्हणाली. "हे एक पान आहे."

मी बसलो. वर 'टू हूम इट मे कन्सर्न' लिहिलं आणि पेन शोधायला तुझ्या कपाटात हात घातला. पेन हातातच होतं.

कपाटात तुझी निळी फाईल सापडली. सेकंडरी थ्रीचा, म्हणजे नववीचा, इतिहासाचा प्रोजेक्ट. समोर दिसणारी जमीन आशिया नसून वेगळाच खंड आहे, हे युरोपच्या लोकांना कधी आणि कसं कळलं? बावीस पानं, सगळे नकाशे हाताने काढलेले. शेवटच्या पानावर पालकांची सही माझी आहे. वाचून केली नव्हती. गणिताचं काही असतं तर वाचलं असतं.

या वेळी वाचली. मला आपलं वाटायचं, १४९२ साली कोलंबसला जमीन दिसली, त्याने झेंडा रोवला, झाली अमेरिका. तू पहिल्याच ओळीत लिहिलंस की त्याला ती दिसली, पण काय दिसलं ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही. चार वेळा गेला, चारही वेळा आशियाच समजून परत आला. नवा खंड आहे हे बाकीच्यांना कळायला पुढे पंधरा वर्षं लागली. मला वाटलं, एवढ्या मोठ्या गोष्टीला पंधरा वर्षं कशी लागतात? आणि वाचत बसलो.

मम्मी आत्ता डोकावून गेली. "झालं का?" मी म्हणालो, लिहितोय. ते काही खोटं नव्हतं.

तुझा,
पप्पा


क्वीन्सटाउन
रविवार, २२ जून

चि. यशोधन,
जय भीम.

पान झालेलं नाही. ऑफिसात एका पंपाने मान टाकली आहे. ही सबब आहे हे तुलाही कळतं, पण नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे, मग वापरायला काय हरकत आहे?

आठवं पान वाचलं, ते नोटरीचं. कोलंबस दुसऱ्यांदा आला तेव्हा क्युबाचा किनारा धरून आठवडेच्या आठवडे चालत राहिला. हे बेट आहे, असं तिथले लोक त्याला सांगत होते. त्याला बेट नको होतं, आशियाची मुख्य भूमी हवी होती. जहाजं गळायला लागली, खाणं संपत आलं. आणखी थोडा पुढे गेला असता तर किनारा संपलेला दिसला असता. तो गेला नाही. त्याने नोटरीला बोलावलं आणि एकेका खलाशाकडून शपथ घेतली, की ही मुख्य भूमीच आहे, बेट नाही. पुढे कोणी उलटं बोलला तर दंड, आणि जीभ छाटायची. समासात तू पेन्सिलीने लिहिलं आहेस, 'खात्री होती तर शपथ कशाला?' पंधरा वर्षांचा होतास तेव्हा.

आणि ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं नाहीच, वर त्यांचं नावही ठेवून टाकलं. इंडियन! त्या माणसांना आपण कुठे राहतो ते पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याने ठेवलेलं नाव पिढ्यान् पिढ्या चिकटलं की काय होतं, हे आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको. तरी मी तेच केलं.

डिसेंबर २०१५. हेच टेबल. तुझी परीक्षा झालेली, पुण्याचं तिकीट काढलेलं. मी तुला आणि मम्मीला समोर बसवलं आणि सांगितलं, की आजोबांना, शाळेत, सगळ्यांना एकच सांगायचं. यशोधन डोळ्यांमुळे मेडिकलला नापास झाला, म्हणून त्याला घेतलं नाही. कारण आजोबा दर आठवड्याला फोन करून विचारत होते, पोरगा भरती कधी होतो? रिटायर्ड हवालदार दादाराव यांनी अमरावतीच्या अख्ख्या विहारात सांगून ठेवलं होतं, नातू सिंगापूरच्या फौजेत जाणार. पोराला मीच काढून घेतलंय, हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

तू म्हणालास, "पण माझे आइज तर परफेक्ट आहेत, पा. एनसीसीमध्ये शूटिंगला मी फर्स्ट आहे. वेई जिए अँड ऑल नोज. आय टेल देम व्हॉट?"

"हेच सांग."

"मेडिकल तर झालंच नाही अजून."

"विषय संपला," मी म्हणालो. मम्मी उठून किचनमध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

जीभ छाटायची धमकी मी दिली नव्हती. जेवायच्या टेबलावर बापाला ती द्यावी लागत नाही. तू वेई जिएला खोटं सांगितलंस आणि मग त्याच्याशी बोलणंच टाकलंस. तेव्हा मी मम्मीला म्हणालो होतो, पोरांची मैत्री अशीच असते, विसरेल.

पप्पा


क्वीन्सटाउन
रविवार, १३ जुलै

चि. यशोधन,
जय भीम.

अजून सात आठवडे आहेत. मम्मीने कॅलेंडरवर एकतीस ऑगस्टला लाल गोल केला आहे. ती काही बोलत नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं.

आज तुझ्या फाईलमधल्या तिसऱ्या सफरीवर अडकलो. १४९८ सालचा ऑगस्ट. या खेपेला तो आणखी दक्षिणेला गेला आणि ओरिनोको नदीच्या मुखाशी पोहोचला. खलाशांनी पाणी चाखून पाहिलं, तर भर समुद्रात गोडं पाणी. आता बघ, मी पंपांचा माणूस. तीस वर्षं पाण्याचे हिशेब करतोय. एवढा विसर्ग बेटातून येत नाही. समुद्राला मैलोन् मैल गोडं करणाऱ्या नदीमागे प्रचंड पाणलोट क्षेत्र लागतं, म्हणजे प्रचंड जमीन लागते. हे कोलंबसलाही कळलं! ही फार मोठी भूमी असावी आणि ती आजवर कोणाला ठाऊक नव्हती, असं त्याने वहीत लिहिलं. त्या दिवशी उत्तर त्याच्या हातात होतं. आणि मग थोड्याच दिवसांत त्याने ठरवलं, की हा पृथ्वीवरचा स्वर्ग असणार, आणि पृथ्वी गोल नसून नासपतीसारखी एका बाजूला फुगीर असणार. पृथ्वीचा आकार बदलायला तयार झाला, पण स्वतःचं मत बदलायला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही तो असा.

वाचून मी मोठ्याने हसलो. मम्मीने आतून विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो. मग हसू गेलं ते गेलंच.

गोडं पाणी मीही चाखलं होतं, यशोधन. २०१५ चं ते वर्षभर तू रोज संध्याकाळी स्टेडियमच्या ट्रॅकवर घड्याळ लावून पळायचास, वेई जिए आणि आणखी दोघं. मी म्हटलं, वयात आलाय, पोरींसाठी चाललंय. केस बारीक कापून आलास, मी म्हटलं फॅशन. आजोबांना फोन लावून मोडक्या मराठीत अर्धा तास विचारत होतास, बुटाला पॉलिश कसं करायचं, चमक कशी आणायची. मला आनंद झाला, की पोरगं मराठी बोलतंय. ऑगस्टमधल्या परेडला टीव्हीवर सिंगापूरचं राष्ट्रगीत लागलं, तू उभा राहिलास, अगदी ताठ. मी म्हणालो, बस रे खाली, इथे कोण बघतंय.

आणि त्या रविवारी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर. तू नूडल्स खाता खाता म्हणालास, "पा, आय अॅम फ्रॉम हिअर."

"इथला म्हणजे? आपण अमरावतीचे. इथे नोकरीला आलोय."

"यू केम, पा. मी नाही आलो. आय वॉज बॉर्न हिअर."

याहून स्पष्ट कोण सांगणार? मी म्हणालो, "बरं, खा आधी. गार होतंय."

तुला वाटतं मी तुला उगाच काढलं. उगाच नव्हतं. आपल्या लोकांना गणवेश मिळाला तेव्हा दुसरं काही मिळतच नव्हतं. आजोबांनी कुठल्या कुठल्या डोंगरात बर्फात उभं राहून पहारा दिला, की मी वर्गात बसावं. मी बसलो. घरातला पहिला इंजिनिअर झालो. आणि माझ्या मुलाने पुस्तक मिटून पुन्हा बंदूक घेऊन चिखलात लोळायचं? दोन वर्षं? शिक्षणाची दोन-दोन वर्षं आपल्या घराने कशी मिळवली आहेत! हे मला तेव्हा इतकं बरोबर वाटत होतं की आजही लिहिताना पेन अडत नाही. तेच वाईट आहे. तुझ्या वर्गातल्या पोरांना ती दोन वर्षं म्हणजे शिक्षा होती, कटकट होती, काहीही होती, पण ती करून ते इथले झाले. तुला तेवढंच हवं होतं. मी त्याला जुनं नाव दिलं, आपल्या जुन्या दुःखाचं, आणि पुढे बघितलंच नाही.

आणखी एक. एअरपोर्टवर तू विचारलंस, "कॉलेज झाल्यावर परत येता येईल ना?" मी म्हणालो, येईल, मी सगळी चौकशी केली आहे. चौकशी केली नव्हती. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

पप्पा


क्वीन्सटाउन
रविवार, ३ ऑगस्ट

चि. यशोधन,

कोलंबसची चौथी सफर. म्हातारा झालेला, सांधे धरलेले, जहाजांना कीड लागलेली. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याबद्दल तो स्पेनच्या राजाराणीला कळवतो, की गंगा नदी तिथून दहा दिवसांवर आहे. तू त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. दहा दिवस! मध्ये अख्खा पॅसिफिक.

मी सिंगापूरला आलो १९९७ साली. अठ्ठावीस वर्षं. या अठ्ठावीस वर्षांत मी रोज मनात म्हणत आलो, विमानात बसलं की पाच-सहा तासांत आपण आपल्या गावी. इथलं तिखट संपायच्या आत तिकडून तिखट येतं. समोरच्या मिसेस टॅन एकोणीस वर्षं शेजारी आहेत, त्यांच्या नवऱ्याचं नाव मला तो वारल्यावर पाटीवर वाचून कळलं. मी इथे राहिलो, पण इथे उतरलोच नाही. आणि तू इथेच जन्मलास, म्हणून तुझाही हिशेब मी माझ्याच नकाशावर केला.

सतरावं पान. इटलीचा व्हेस्पुची हा काही वर्षांनी त्याच किनाऱ्याने दक्षिणेला गेला, इतका लांब, की जुन्या नकाशांप्रमाणे तिथे आशिया असूच शकत नव्हता. वर तारे अनोळखी. तो परत येऊन म्हणाला, हा वेगळाच खंड आहे. मग १५०७ साली सेंट डिए नावाच्या छोट्या गावातल्या पंडितांनी नकाशा छापला. नव्या जमिनीला दोन्ही बाजूंनी समुद्र काढला आणि व्हेस्पुचीच्या पहिल्या नावावरून अमेरिका लिहिलं. पलीकडचा समुद्र तोवर युरोपातल्या कोणी पाहिलाही नव्हता. कोलंबस आदल्याच वर्षी वारला होता, आपण आशियाला जाऊन आलो असं समजून.

व्हेस्पुचीला दिसलं ते कोलंबसला का दिसलं नाही? मी म्हटलं असतं, अक्कल. तू लिहिलंस, 'कोलंबसला राजाने इंडीजचा कारभारी नेमलं होतं. ती जमीन इंडीज नसेल तर तो कोणाचा कारभारी? व्हेस्पुचीचं काही जाणार नव्हतं, म्हणून त्याला बघणं परवडलं.' हे वाचून मी फाईल मिटली आणि बराच वेळ खिडकीत जाऊन उभा राहिलो.

आता ऐक. २०२३ च्या मार्चमध्ये तू तीनदा फोन केलास. पहिली नोकरी, पहिला नकार, आणि तेच एक पान. मी म्हणालो पुढच्या आठवड्यात, मग म्हणालो लिहून झालंय, मग म्हणालो टाकलंय, पोस्टात अडकलं असेल. टाकलं नव्हतं. लिहिलंच नव्हतं. मम्मीलाही आजवर हेच ठाऊक आहे की पोस्टाने घात केला.

माझ्या स्वतःच्या पीआरच्या परमिटचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. मी भ्यालो. मुलाला मीच एनएसमधून काढलं असं सही करून दिलं आणि कोणी माझीच फाईल उघडली तर? तसं कोणी म्हणालं नव्हतं. तसा नियम आहे की नाही, मी वाचलंही नाही. भीती वाटली आणि गप्प बसलो. तुझी मुदत गेली. माझं परमिट पाच वर्षांसाठी वाढलं. त्या दिवशी मी ऑफिसात केक नेला होता.

हे लिहून झाल्यावर मी पान लिहिलं. अकरा ओळी झाल्या. निर्णय पूर्णपणे माझा होता. माझ्या मुलाला सेवा करायची होती आणि त्याने ते मला अनेकदा सांगितलं होतं. तो अल्पवयीन होता, सही माझी आहे. तो वैद्यकीय कारणाने नापास झाला असं मी लोकांना सांगितलं, ते खोटं होतं. खाली नाव, नंबर, सही.

मम्मीने वाचलं. मग मी तिला पोस्टाचं आणि केकचंही सांगितलं. ती कागद हातात धरून उभी होती. "एवढंच होतं?" ती म्हणाली. "अकरा ओळी?" आणि स्कॅन करायला गेली. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त जेवायला वाढलंय एवढंच बोलते.

पप्पा


क्वीन्सटाउन
रविवार, १७ ऑगस्ट

चि. यशोधन,
जय भीम.

अपील गेल्याचं मम्मीने सांगितलं. माझं पान जोडून. बरं झालं.

सरकारी कागदावर खरं आणि घरात खोटं, असं किती दिवस चालणार? म्हणून आज आजोबांना फोन केला. आजोबा चौऱ्याऐंशीचे आहेत, मोठ्याने बोलावं लागतं. ही गोष्ट मोठ्याने बोलायला फार कठीण आहे.

"बाबा, यशोधनचे डोळे चांगले होते."

"आँ?"

"तो नापास झाला नव्हता. मीच त्याला जाऊ दिलं नाही."

मागे टीव्ही चालू होता. तो त्यांनी बंद केला.

"दहा वर्सं मी त्या पोराले सांगून रायलो, गाजर खाय, सकायी उठून हिरव्या झाडाकडं पाय. अन् ते 'हो आजोबा, हो आजोबा' करे. काऊन केलं असं?"

मी तुला लिहिलं तेच सांगितलं. तुम्ही पहारा दिलात म्हणून मी शिकलो, मग त्याला परत पहाऱ्यावर कसा पाठवू. मला वाटलं हे त्यांना आवडेल. खरं सांगतो, मला वाटलं ते म्हणतील, बरोबर केलं पोरा.

"मी पहारा देल्ला, त्याची तुले लाज वाटे का रे?"

"नाही बाबा."

"वाटे. शाळेत तू सांगे, बाप सरकारी नोकरीत हाये. मास्तरनं मले सांगतलं होतं. मी काही म्हटलं नाही. म्या म्हटलं, शिकून रायला, शिकू दे. एका पोराले माह्या बुटाची लाज नाही वाटली. तो तू मले भेटू नाही देल्ला."

मी म्हणालो, गोळ्या घेता ना वेळेवर? त्यांनी फोन ठेवला. नंतर दोनदा लावला, उचलला नाही. शाळेत मी काय सांगायचो ते मी स्वतःही विसरलो होतो, यशोधन. आठवायला गेलो तर सगळं आठवलं, वर्गही आणि बाकही.

पप्पा


क्वीन्सटाउन
गुरुवार, १८ सप्टेंबर

यशोधन,

मंगळवारी अपील फेटाळलं गेलं आणि आज संध्याकाळी तुझा फोन आला. स्क्रीनवर तुझं नाव पाहून आधी वाटलं चुकून लागला असेल.

अकरा मिनिटं बोललो आपण. मी ती पुन्हा लिहून काढतोय, कारण बोलताना मी नीट ऐकत नव्हतो, माझं बोलणं जुळवत होतो.

तू म्हणालास, "पप्पा, तब्येत कशी आहे? बीपीची गोळी चालू आहे ना?" किती सफाईदार मराठी. एकही शब्द अडखळला नाही, कुठे इथल्या पोरांचं 'लाह' नाही, कुठे 'व्हॉट' नाही. बाणेरच्या कुठल्याही पोराने बोलावं तसं. तू इथे होतास तेव्हा मी तुझ्या मराठीसाठी किती डोकं फोडलं होतं. आज ते कानावर पडलं आणि मला वाटलं, फोन दुसऱ्याच कोणीतरी केलाय.

"पत्रं मिळाली सगळी. छान लिहिता तुम्ही," तू म्हणालास, एखाद्या ओळखीच्या लेखकाला म्हणावं तसं.

मी म्हणालो, "यशोधन, ते पान मी दोन वर्षांपूर्वी दिलं असतं तर..."

"तेव्हाही कदाचित नसतंच झालं, पप्पा. सांगता येत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेऊ नको! तू मला शिवी दिली असतीस, केकवरून बोलला असतास, तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. तू माझी समजूत काढत होतास, शेजारच्या काकांची काढतात तशी.

मी विचारलं, आता पुढे? तू म्हणालास, त्यांनी दुसरा माणूस घेतला, मी परत अर्ज करणार नाही. पुण्यात आवडतं का, विचारलं. "राहतोय," तू म्हणालास. "तुमचं इकडे काही काम असलं तर सांगा." मग मी एकदम इंग्रजीत सुरू झालो, मला वाटलं त्या भाषेत तू ऐकशील. म्हणालो, धिस इज युअर होम, यशोधन. कम होम.

"नाही पप्पा. ते तुमचं आहे. पीआर तुम्ही आहात."

तुझ्या आवाजात राग असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता.

आता बघ काय झालंय. तुझ्या देशात मी राहतोय आणि माझ्या देशात तू. मला इथलं काही नको होतं आणि तुला तिथलं. रिटायर झालो की अमरावतीला जायचं, मुलगा पुण्यात, सगळे जवळ जवळ, असं मी अठ्ठावीस वर्षं ठरवून ठेवलं होतं. मुलगा पुण्यात आहे. जाऊन मी कोणाच्या जवळ राहणार ते मला सांगता येत नाही. आजोबा फोन उचलत नाहीत. इथे थांबलो तर खाली हॉकर सेंटर आहे आणि पलीकडे ट्रॅक आहे, तिथे मी जात नाही. जगात कुठे उतरावं असं एकही ठिकाण मला उरलेलं नाही, आणि हे माझं मीच केलंय.

शेवटी मी म्हणालो, विजयादशमीला नागपूरला येतोय, मम्मीला घेऊन. दीक्षाभूमीवर भेटशील? दहा मिनिटं भेट. मम्मीसाठी तरी.

तू म्हणालास, "बघतो."

'बघतो' म्हणजे काय ते मला कळतं. तू लहान असताना काहीही मागायला आलास की मी हेच म्हणायचो, वर न बघता.

फोन ठेवला तेव्हा मम्मी दारात उभी होती, हातात ओला टॉवेल. महिन्याभरात पहिल्यांदा ती आपणहून माझ्याशी बोलली. "काय म्हणाला?"

मी म्हणालो, "येतो म्हणाला."

तिने तिथल्या तिथे स्टूल ओढलं आणि कपाटावरची बॅग काढायला चढली. आत्ता ती आत तुझे कुठले कुठले कपडे काढून घड्या घालतेय, तुला आता होणारही नाहीत असे, आणि मधूनच मला विचारतेय, पोरगा पुण्याहून कुठल्या गाडीने येईल. रविवारी ती तुला फोनवर हेच विचारेल. हे पत्र त्याआधी पोहोचणार नाही.

पप्पा